डोंगराला लावलेली मेंढरं

माझ्या आजीच्या वडिलांचं नाव अंगस मन्रो. बीडजवळच्या पालीत हे नाव घेतलं तर कुणी मान वर करत नाही. ‘अंगद मेंढरवाला’ म्हटलं की मात्र म्हातारी माणसं तंबाखू मळायची थांबतात. तो गोरा का, असं विचारतात, आणि हो म्हटलं की त्यांना एकदम घरची कामं आठवतात.

मुंजाजीआबांना कामं आठवली नाहीत. ते माझ्या पणजीचे, सत्यभामेचे भाचे. अंगद म्हणजे त्यांच्या आत्याचा नवरा. चकलांब्याच्या अलीकडं मुलाच्या पत्र्याच्या घरात राहतात. तोंडात एक दात नाही, पण बोलताना समोरच्याला चावतात.

"आत्याच्या मालकाविषयी इचारायलीस?" ते म्हणाले. "त्याला मालक म्हणायचं आमी त्र्याहत्तर सालीच सोडलं. बस. ऐकायचं तर समदं ऐक. मधनं डोळे पुसत उठायचं न्हाई."

पुढचं बरंचसं त्यांच्या तोंडचं आहे, उरलेलं माझ्या आजीच्या, शिवकन्येच्या. ती अंगदची एकुलती एक मुलगी. दोघं एकाच दिवसांविषयी बोलतात, पण एकत्र बसून कधी बोललेले नाहीत.

अंगद स्कॉटलंडच्या उत्तरेकडचा. तिथं डोंगर आहेत, पाऊस आहे आणि माणसं कमी आहेत, एवढंच त्यानं इथल्या लोकांना सांगितलं होतं. बाप दुसऱ्याच्या डोंगरावर मेंढरं राखायचा. निजामाच्या राज्यात बीडजवळ कुणा लोकरीच्या व्यापाऱ्यानं मेंढ्यांचं फार्म काढलं, दाट लोकरीचे परदेशी मेंढे मागवले आणि त्यांना सांभाळायला एक गडीही मागवला. तो गडी हा. तेव्हा पुरता पंचविशीचाही नव्हता. पहिल्या पावसाळ्यात मेंढ्यांचे खूर कुजले. दुसऱ्या उन्हाळ्यात उरलेले धापा टाकत मेले. हा त्यांच्या अंगावरची लोकर कातरत होता आणि कातरता कातरता ते मरत होते. मग देशी मेंढरांवर काही वर्षं फार्म रखडलं. पोलीस ॲक्शन झाली तेव्हा व्यापारी हैदराबादला गेला तो परत आलाच नाही. फार्मच्या तारा लोकांनी नेल्या, दारं नेली, पत्रे नेले. गोरा गडी तेवढा कुणी नेला नाही.

तो धनगरांच्या वाड्यामागं चालायला लागला. वाडा म्हणजे चार भिंतींचा नव्हे. पाच-सहा बिऱ्हाडं, घोड्यांवर लादलेला संसार, पुढं-मागं मेंढरं, आणि मुक्कामाला मेंढरं कोंडायची ती जाळ्याची वाघूर. पावसाळ्यात बालाघाटाच्या डोंगरावर, पाऊस सरला की शेतं धुंडत गोदाकाठाला. ज्याच्या शेतात मेंढरं बसवली त्यानं खताच्या बदल्यात ज्वारी द्यायची. अंगद मागं चालायचा, लंगडं कोकरू दिसलं की उचलून खांद्यावर घ्यायचा. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी हाकललंही नाही. उन्हानं त्याच्या नाकाचं कातडं सोलून निघायचं. वाड्यातली सगळ्यात वयस्क बाई बायनाबाई. ती म्हणायची, टाकू द्या त्याला कात, आतून काळा निघाला तर ठिऊन घेऊ.

तसा निघाला नाही, तरी ठेवून घेतला. सत्यभामा तरुणपणीच विधवा झाली होती. वाड्यात विधवेचा पाट लावायची रीत होती आणि सत्यभामेनं स्वतःच तोंड उघडून सांगितलं की लावायचा तर ह्याच्याशी. वाड्याचा म्होरक्या त्रिंबक, तिचा चुलतभाऊ. त्यानं अंगदला समोर बसवून कूळ विचारलं. अंगदनं सांगितलं की आमच्यातही कुळं असतात, कोण कुठल्या डोंगराचं त्यावरून ओळखायची. त्रिंबकला हे इतकं पटलं की त्यानं पुढं काही विचारलं नाही.

पाट लागल्यावर एकदा सत्यभामेनं विचारलं, माघारी कावून जात न्हाईस, तिकडं कोणी हाय का न्हाई. हा प्रसंग आजी अजून दोन्ही आवाजांत करून दाखवते, कारण आईनं तिला तो शंभरदा सांगितला होता.

"हायत की," अंगद म्हणाला. "मेंढरं हायत."

"माणसं इचारायलेय मी."

मग त्यानं सांगितलं, की त्याच्या पणज्याच्या काळात जमीनदारानं घरांच्या छपरांना आग लावली, माणसांना समुद्राकडं पिटाळलं आणि मोकळ्या झालेल्या डोंगरावर मेंढरं सोडली. मेंढरात नफा जास्त होता.

सत्यभामा पदर तोंडात धरून हसली. "मेंढरापायी माणसं हाकलली? आन मंग तू मेंढरवाल्याचा पोरगा कसा?"

"हाकलल्याल्यातलेच काही पुढं मेंढरं राखाया ऱ्हायले."

"लई शाणे दिसतेत तुपले लोक," ती म्हणाली, आणि भाकरी उलटली.

*

साठ सालानंतर बीड जिल्ह्यात सोसायट्यांचं पेव फुटलं. दुधाची सोसायटी, तेलाची सोसायटी, कुक्कुटपालनाची सोसायटी. पालीचे बागाईतदार सुंदरराव प्रत्येकीत चेअरमन. मेंढरांचीच तेवढी राहिली होती. तीही काढायचं त्यांच्या मनात आलं तेव्हा त्यांनी अंगदला आपल्या घरी बोलावून घेतलं. म्हणाले, तुझ्या डोक्यात काय आहे ते सांग, सरकारदरबारी माझ्याकडं लागलं.

अंगदच्या डोक्यात एकच गोष्ट होती आणि ती त्यानं तिकडून आणली होती. त्याच्या देशात मेंढरं फिरवत नाहीत. एका डोंगराला लावतात. कुंपण नाही, राखणदार नाही, तरी मेंढरू त्या डोंगराची हद्द सोडत नाही. ते कसं करायचं हे त्याला येत होतं: काही वर्षं सतत मागं राहायचं, हद्दीच्या बाहेर पाऊल पडलं की वळवायचं, दर वेळी, न कंटाळता. मग मेंढी आपण होऊन थांबते. तिला तिथं झालेलं कोकरू आईच्या मागं फिरून हद्द शिकतं, त्याचं कोकरू त्याच्याकडून. पिढ्या जातात, डोंगर डोक्यातून जात नाही.

सुंदररावांनी पालीच्या वरचा बोडका डोंगर सोसायटीच्या नावानं सरकारकडून घेतला. वाड्यातल्या प्रत्येक बिऱ्हाडानं आपल्या थोड्याथोड्या मेंढ्या सोसायटीच्या कळपात घालायच्या, बाकीच्या घेऊन फिरायचं ते फिरावं. कळप अंगदकडं. त्याची, सत्यभामेची आणि लहानग्या शिवकन्येची खोपी डोंगराच्या कुशीत.

त्रिंबकला हे आवडलं नव्हतं. तो म्हणाला, "मेंढराच्या पायात देवानं चाकं घातली, आन तू खुंटा ठोकायलास."

"खुंटा न्हाई ठोकत," अंगद म्हणाला.

"दिसत न्हाई म्हून खुंटा न्हाई व्हय रे?"

पण चार-पाच वर्षांत त्रिंबकच्या वाटेवरच्या मेंढ्या लांडग्यानं, मोटारींनी, शेतकऱ्यांच्या काठ्यांनी मरत होत्या आणि डोंगरावरच्या मेंढ्यांना जुळी होत होती. लोकर दाट, अंग भरलेलं. सुंदरराव अधिकाऱ्यांच्या जीपा भरभरून आणायचे. अंगदला पटका बांधून पुढं उभा करायचे आणि सांगायचे, हे आमचे अंगदराव, सहकारासाठी थेट स्कॉटलंडहून आले. अधिकारी त्याच्याशी इंग्रजीत बोलायचे. तो मराठीत उत्तर द्यायचा, तेही वाड्याच्या. सुंदररावांना ते आवडायचं नाही. त्रिंबकनं शेवटी आपल्या निम्म्या मेंढ्या डोंगरावर आणून सोडल्या. कळप तीनशेच्या वर गेला. जे बिऱ्हाड दारोदार ज्वारीसाठी तोंड वेंगाडायचं त्याच्या पोरी आता बाजारातून लुगडी निवडून घ्यायला लागल्या, असं आजी म्हणते. अंगदच्या नावानं बोकड कापला गेला एका वर्षी. मुंजाजीआबा हे सांगताना थुंकले, पण सांगितलं.

*

सत्तर साल कोरडं गेलं, एकाहत्तर कोरडं गेलं, आणि बहात्तरच्या पावसानं तर ढगसुद्धा पाठवले नाहीत. बिंदुसरेच्या धरणात चिखल उरला, मग चिखलाच्या खपल्या झाल्या. बोडक्या डोंगरावर मेंढरं गवताची मुळं उकरून खायला लागली, मग एकमेकांच्या अंगावरची लोकर. वाड्यानं ठरवलं, सगळं घेऊन चकलांब्याच्या पुढं गोदाकाठाला जायचं. नदी वाहत नव्हती, पण डोह होते, डोहाच्या काठाला लव्हाळं होतं, बाभळीच्या शेंगा होत्या. सोसायटीचा कळपही निघाला. सगळ्या वाड्याचं होतं नव्हतं ते आता त्या कळपात होतं. वाटेवरच्या मेंढ्या केव्हाच संपल्या होत्या.

मेंढरं गोदाकाठाला पोचली, पाणी प्याली, शेंगा खाल्ल्या, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी माणसं डोळा लावून पडली असताना उठून डोंगराकडं चालायला लागली.

मुंजाजीआबा तेव्हा तरणे, बायकोपोरांचे गडी. तेच धावत गेले. गेवराईच्या अलीकडं कळप गाठला, वळवून आणला. पुन्हा गेली. वाघूर दुहेरी लावली तर म्हाताऱ्या मेंढ्या जाळ्याला डोकं लावून उभ्या राहायच्या, पालीच्या दिशेला तोंड करून. लव्हाळं समोर टाकलं तर खायच्या, खाऊन पुन्हा तशाच. वाड्याला वाटलं, गोऱ्यानं काहीतरी करणी केलीय, मेंढरं त्याच्या मागं लागलीत. त्याला म्हणाले, तू दिवसभर वाघरीत बस. तो बसला. मेंढ्या त्याला ओलांडून जाळ्यापाशी उभ्या राहिल्या.

तिसऱ्या खेपेला निम्मा रस्ता जाऊन आलेल्या कळपातली पंधरा-वीस कोकरं तहानेनं पडली, तेव्हा त्रिंबकनं सगळ्यांना बसवलं आणि अंगदला विचारलं, तूच लावलीस, तूच सोडव.

अंगदनं जाळ्याला डोकं लावून उभ्या मेंढ्यांकडं बघितलं. मग म्हणाला, "डोंगर म्हाताऱ्या मेंढ्यांच्या डोक्यात हाय. बारक्या त्यांच्या मागं जातेत. म्हाताऱ्या काढल्या तर बाकीच्या हितं थांबतील."

"काढल्या म्हंजे?"

"कापल्या."

त्याला चांगली माहीत होती ती प्रत्येक मेंढी. कित्येकींच्या पोटात हात घालून त्यानं आडवी कोकरं सरळ केली होती. खाटकाचा ट्रक उद्या आणायचा ठरलं.

हे पुढचं मुंजाजीआबांना माहीत नाही. मला आजीनं सांगितलं. त्या संध्याकाळी सत्यभामा चुलीपाशी होती, शिवकन्या पीठ मळत होती, अंगद पाणी प्यायला आला. सत्यभामेला माहेरहून पहिल्या लग्नात एक मेंढी आंदण मिळाली होती. तिच्या वंशातली एकच आता उरली होती, पांढऱ्या पट्ट्याची, बांडी. डोंगरावर कळपाच्या पुढं चालायची ती हीच.

"बांडीला ऱ्हाऊ द्या," सत्यभामा म्हणाली.

"तीच पुढं असती. तीच नेईल."

"एकटी काय करंल? मागं चालाया कोणी असंल तर पुढंचं जनावर चालतंय. मी बांधून घालते तिला." त्यानं तांब्या तोंडाला लावला, तेव्हा ती म्हणाली, "उभ्या जल्मात तुमाला कायबी मागितलं न्हाई मी."

हे खरं होतं. शिवकन्येच्या हातातलं पीठ तसंच राहिलं. बाप तांब्या खाली ठेवून निघून गेला, हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही.

*

मेंढीचं वय दातात असतं. दुधाचे दात पडून जोडीजोडीनं नवे येतात; दोनदाती, चारदाती, सहादाती, आणि आठही आले की मेंढी जुळली. पुढं दात झिजतात, फाकतात. ठरलं असं की जुळलेली प्रत्येक मेंढी ट्रकात जाईल. डोंगरावरचा कळप अंगद आणि सत्यभामा सोडून कुणाच्या ओळखीचा नव्हता, म्हणून दात बघायचं काम अंगदचं. तो मेंढी दोन गुडघ्यांत धरायचा, अंगठ्यानं ओठ वर करायचा आणि ओरडून सांगायचा. मुंजाजीआबा ट्रकापाशी होते. जुळली, जुळली, सहादाती, जुळली. खाटकाची माणसं पाय बांधून वर फेकत होती. मेंढी ओरडत नाही, आबा म्हणाले. बकरी ओरडते, मेंढी बघते. अंगदच्या पटक्याचा सोगा सुटून तोंडावर येत होता, तो त्यानं एकदाही मागं सारला नाही.

बांडी आली. त्यानं ओठ वर केला नाही. अंगठा ओठावर ठेवला आणि म्हणाला, "चारदाती."

कुणी बघितलं नाही, कारण त्याच्या शब्दावर बघायची कुणाला सवय नव्हती.

ट्रक गेला. अंगदनं सांगितलं होतं तसंच झालं. दुसऱ्या दिवशी जाळ्यापाशी कुणी उभं राहिलं नाही. बारक्या मेंढ्या आया शोधत ओरडल्या आणि मग लव्हाळं खायला लागल्या. बायनाबाईनं अंगदच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. वाड्यानं वाघरीचं तोंड उघडं ठेवून कित्येक दिवसांनी दुपारी निवांत अंग टाकलं. बांडी नदीकाठी घातलेल्या खोपीच्या खांबाला बांधलेली होती. सत्यभामेनंच बांधली होती, आणि सत्यभामेनंच तिला ऊन लागतंय म्हणून सोडून सावलीला नेली, आणि डोळा लागला तिचा.

उठली तेव्हा वाघूर रिकामी होती.

एकटी काय करंल, असं ती म्हणाली होती. बांडीनं मागं वळून बघायचीही गरज नव्हती. आया गेलेली कोकरं ज्या कुणाचं ढुंगण पुढं दिसेल त्याच्या मागं जातात. ह्या खेपेला कुणी पाळतीवर नव्हतं, म्हणून कळप लांब गेला. वाडा मागं धावला तेव्हा रस्त्यानं मेंढरं पडलेली सापडत गेली. गेवराईपाशी आठ-दहा. पुढं पाडळसिंगीच्या अलीकडं दुष्काळी कामावर खडी फोडणारी माणसं होती, त्यांनी पडलेल्या मेंढ्या तिथंच सोलायला घेतल्या होत्या. उभ्या होत्या त्याही पाडल्या होत्या. मुंजाजीआबांनी काठी उगारली. समोरची बाई हातोडा घेऊन उठली आणि म्हणाली, मार. पोरांनी दोन दिवस सरकारी सुकडीबी खाल्ली न्हाई, मार. आबांनी काठी खाली केली. तिनं पुन्हा कातडं ओढायला घेतलं.

बोडक्या डोंगरावर पोचली ती जेमतेम तीसेक. उभी होती, इतकंच. गवताची एक काडी नव्हती, पाणी नव्हतं, आणि ती समाधानानं रवंथ करत होती. सगळ्यांच्या पुढं पांढरा पट्टा.

मुंजाजीआबांनी बांडीला धरलं आणि तिचं तोंड उघडलं.

"किती दात?" त्रिंबकनं विचारलं.

आबांनी तोंड तसंच उघडं धरलं. सगळ्यांनी वाकून बघितलं. झिजून गेलेले पिवळे खुंट, मधले दोन पडलेले.

*

बैठक डोंगराच्या पायथ्याला, सोसायटीच्या लोकरीच्या शेडमध्ये बसली. सुंदरराव जीपमधून आले. त्यांनी आधी टोपी काढून सगळ्यांच्या दुःखात भाग घेतला आणि मग म्हणाले की ह्या माणसाला सोसायटीत घ्यायचा आग्रह वाड्याचा होता, आपण सुरुवातीपासून साशंक होतो. परदेशी माणूस, त्याला इथल्या जित्राबाची माया कुठून असणार. अंगद त्यांच्याकडं बघत होता. सुंदररावांनी नजर चुकवली नाही. त्यांना तसली सवय होती.

"म्हातारी मेंढी चारदाती म्हून सांगितलीस का?" त्रिंबकनं विचारलं.

"सांगितली."

"दिसलं न्हवतं?"

"दिसलं हुतं."

"मंग कावून, अंगद?"

कुणीतरी मागून म्हणालं की गोऱ्यानं गोऱ्यावानीच केलं. बायनाबाई रडत होती, तिच्या नातवंडांच्या तोंडचं सगळं त्या कळपात होतं. तिनं एकदम डोळे पुसले आणि सत्यभामेकडं बोट केलं. "बांडी हिच्या आंदणाची हाय. हिला ठावं असंल."

ठाऊक होतं असं सत्यभामा म्हणाली असती तर तिलाही वाड्याबाहेर जावं लागलं असतं, आणि बरोबर शिवकन्येला. लग्नाला आलेली पोरगी, करड्या डोळ्यांची. बाहेर तिला कुणी करून घेतलं नसतं, आणि त्या सालात कुणी काय केलं असतं ते वेगळं.

"सत्यभामे," त्रिंबक म्हणाला, "इमानानं सांग."

आजी सांगते, आई बापाकडं बघत नव्हती, लोकरीच्या ढिगाकडं बघत होती.

"न्हाई," सत्यभामा म्हणाली. "मला ठावं न्हवतं. मी बांधली हुती ती माझ्या हौसेनं. दातांचं मला काय कळतंय."

मेंढ्यांमध्ये जन्मलेली बाई हे बोलली आणि सगळ्यांनी ते मानलं, कारण मानायचं होतं. अंगदनं मान वर केली.

"तिला ठावं न्हवतं," तो म्हणाला. "माझ्या मनानं केलं."

त्रिंबक उठला. वाड्याची एक रीत होती, फार वर्षांत वापरायची पाळी आली नव्हती. बाहेरच्या माणसाला जो आत आणतो त्यानंच त्याला बाहेर काढायचा. त्याचं घोंगडं त्याच्या हातात द्यायचं नाही, वाघरीच्या बाहेर नेऊन टाकायचं, तो आपण होऊन मागं जातो. त्यानंतर वाड्यातल्या कुणी त्याच्याशी बोलायचं नाही, त्याला पाणी द्यायचं नाही.

सत्यभामा खोपीत गेली. घोंगडं घडी करून आणायची रीत नव्हती, तिनं घडी केली. तेव्हा बायनाबाई म्हणाली, "घडी कशाला? पाव्हण्याला वाटं लावायलीस का?" सत्यभामेनं घडी मोडली. उरलेल्या मेंढ्यांभोवती वाघूर लावली होती, तिच्या बाहेर चालत गेली आणि घोंगडं धुळीत टाकलं. सुंदरराव जीपमधून बघत होते.

अंगद गेला, घोंगडं उचललं, झटकलं. मग वळून त्रिंबकला म्हणाला, "उरल्याल्यांना एकदम पाणी पाजू नगा. थोडं थोडं, दिसभर. एकदम प्याली तर मरतील."

त्यानं सांगितलं म्हणूनच त्रिंबकनं उलटं केलं. सुंदररावांनी टँकर पाठवला होता, त्याची तोटी हौदात सोडली आणि मेंढ्यांना सोडलं. मेंढ्या प्याल्या. कुणी आवरलं नाही, आवरायचं म्हणजे त्याचं ऐकल्यासारखं झालं असतं. दिवस मावळायच्या आत बहुतेक पाय झाडत पडल्या. अंगद वरून डोंगराच्या कडेला उभा राहून बघत होता. बांडी पाण्यानं मेली नाही. तिला मुंजाजीआबांनी आधीच कापली होती.

*

तो डोंगरावरच राहिला. दुष्काळी कामावर खडी फोडायचा. तिथं माणसं टोळीनं बसायची; त्याला कुणी टोळीत घेतलं नाही, तो ढीग लावून एकटाच बसायचा. वाडासुद्धा त्याच कामावर आला होता, कारण राखायला काही उरलं नव्हतं. सत्यभामा आणि शिवकन्या रस्त्याच्या ह्या बाजूला, तो त्या बाजूला. एकदा खडीचा कपचा शिवकन्येच्या भुवईवर बसला आणि रक्ताची धार लागली. तो हातोडा टाकून उठला, रस्त्याच्या मध्यापर्यंत आला.

"बस खाली," सत्यभामा पोरीला म्हणाली, त्याच्याकडं न बघता. "कोणी यायला न्हाई." आणि तो मध्यातून परत गेला.

आजीच्या भुवईवर तो वण आहे. तिनं मला तो दाखवला आणि लगेच पदर ओढून घेतला.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. वाड्यानं उसनी मेंढरं आणून पुन्हा फिरायला सुरुवात केली. शिवकन्येचं लग्न मुंजाजीआबांच्या मेव्हण्याशी लागलं. बाप म्हणून मुंजाजीआबाच उभे राहिले. सुंदररावांनी डोंगर फळबागेच्या सोसायटीला दिला. अंगद खोपीतच राहायचा. मालकांना फुकटचा राखणदार मिळाला होता, म्हणून कुणी उठवलं नाही. वाडा दर वर्षी पायथ्यानं जायचा तेव्हा तो वाटेच्या कडेला येऊन उभा राहायचा, मेंढरं बघायचा. कुणी लंगडत असली तर बोटानं दाखवायचा. वाडा न बघता पुढं जायचा आणि वळणापलीकडं गेल्यावर, आबा म्हणाले, आमी त्या मेंढीचा खूर बघायचो. काटा असायचाच.

चार वर्षांनी तो मेला. फळबागेच्या गड्यांनी खोपीत बघितला, तिथंच खड्डा काढून पुरला. घोंगडं गड्यांनी ठेवून घेतलं. वाडा तेव्हा केजच्या बाजूला होता, निरोप उशिरा पोचला. त्रिंबक ऐकून घेऊन घोड्याचं खोगीर आवळत राहिला.

बायका मात्र जमल्या. रीत ती रीत. बायनाबाई पुढं होऊन सत्यभामेपाशी बसली, तिचा हात हातात घेतला आणि बांगड्या फोडायला दगड उचलला. बाकीच्यांनी गळा काढायची तयारी केली होती.

सत्यभामेनं हात मागं घेतला.

"काय करायलीस, बायनाबाई?"

"मालक गेला तुझा. कळलं न्हाई का?"

"माझा मालक वाड्यात ऱ्हायाला पायजे हुता," सत्यभामा म्हणाली. "वाड्यात तर कोणी मेलं न्हाई. डोंगरावर कोणी परका मेला असंल. त्याच्यापायी माझ्या बांगड्या फोडायला तुला कोणी सांगितलं?"

बायनाबाई दगड हातात धरून बसून राहिली. खरंच, त्याला बाहेर काढलं होतं, आणि काढलेला माणूस कुणाचा कोणी नसतो, ही रीतही त्यांचीच होती. शिवकन्या तेव्हा माझ्या आईला मांडीवर घेऊन बसली होती. बापासाठी रडायला तोंड उघडलं होतं, ते तिनं मिटून घेतलं.

"बघत काय बसल्याव?" सत्यभामा उठली, लुगड्याची धूळ झटकली. "उन्हं वर आली. मेंढरं सोडा."

मरायच्या दिवसापर्यंत तिच्या हातात बांगड्या होत्या. हिरव्या. पिचली की दुसऱ्या बाजाराला नवी भरायची.